सासूबाईंची वही वाटीतून ग्रॅममध्ये आणताना

घरच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या म्हटलं की सगळे आधी परवान्याचं, डब्यांचं आणि भावाचं विचारतात. माझ्या अनुभवाने सगळ्यात वेळखाऊ काम त्याच्याही आधीचं असतं. वाटी, फुलपात्र, पळी, मूठ अशा मापांत लिहिलेली कृती ग्रॅममध्ये आणायची. २०२४ च्या दिवाळीआधी सासूबाईंच्या वहीवर मी हे काम केलं. जुलैमध्ये सुरुवात केली आणि दसऱ्याला लेबल छापायला दिलं. पहिले काही आठवडे कुठून धरायचं तेच कळत नव्हतं. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते.

आम्ही गिरगावात राहतो. सासूबाईंचा फराळ वर्षानुवर्षं वाडीत आणि नातेवाइकांत वाटला जातो. विकायचा ठरवल्यावर मी वही उघडली, तर प्रत्येक पानावर ‘४ वाट्या’, ‘पाऊण फुलपात्र’, ‘मावेल तेवढा मैदा’. आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) म्हणाल्या, “अगं, वाटी तीच, हात तोच. वजन कशाला हवंय?” प्रश्न रास्त होता. घरापुरतं करायचं तर वजन लागतच नाही. पण दाणेवाला किलोने देतो, गिरणीवाला किलोवर पैसे घेतो आणि पाकिटावर निव्वळ वजन छापावं लागतं. शिवाय अन्नपदार्थांच्या लेबलाचे २०२० चे नियम आहेत. त्यांत घटक उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणजे जो सगळ्यात जास्त तो आधी. वाट्यांवरून हा क्रम ठरवायला गेलात तर तो चुकू शकतो. कसा, ते पुढे बेसनाच्या लाडवात येईल.

जुलैच्या शेवटी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या बेकिंगच्या दुकानांतून सामान आणलं. ५ किलोपर्यंतचा, १ ग्रॅम फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा साधारण ७०० रुपयांना मिळाला. मापाच्या चमच्यांचा संच १२० रुपयांना. त्यात मोठा चमचा १५ मिलिलिटरचा आणि छोटा ५ मिलिलिटरचा असतो. काटा घरी आणल्यावर आधी तपासून घ्या. मी रुपयाची नाणी वापरली. २०१२ ते २०१८ साल छापलेलं एक रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं असतं, त्यामुळे वीस नाण्यांचं वजन ७६ ग्रॅम यायला हवं. काटा सपाट ओट्यावर ठेवा, मिक्सर चालू असेल तेव्हा मोजू नका आणि पंखा बंद करा. पंख्याच्या वाऱ्याने दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे होतात. मुंबईच्या उकाड्यात पंखा बंद करून पीठ मोजणं त्रासाचं आहे, म्हणून मी हे काम पहाटे करायची.

पहिली पायरी पिठाची नव्हे, वाटीची. इंटरनेटवर ‘एक वाटी बेसन म्हणजे इतके ग्रॅम’ असे पुष्कळ तक्ते आहेत. एकही तुमच्या उपयोगाचा नाही, कारण त्यांची वाटी तुमची नाही. वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि काठोकाठ पाणी भरायचं. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. पाण्याचं हे गणित ४ अंश तापमानाला नेमकं जुळतं. मुंबईच्या ३० अंशांत हजारात चार-पाचचा फरक पडतो, तो स्वयंपाकात धरायचं कारण नाही. आमची स्टीलची वाटी १६० मिलिलिटरची निघाली. वहीत मागच्या पानांवर आजेसासूबाईंच्या हातच्या कृती आहेत, त्यांत शेर, मापटं, चिपटं येतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही सगळी धान्य भरून मोजायची मापं. शिवाय वजनाचा शेर वेगळा होता, ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. जुन्या वहीत ‘१ शेर’ दिसला तर तो भरायचा की तोलायचा हे आधी घरातल्या जाणत्या माणसाला विचारा. आमच्याकडे पितळी मापटं माळ्यावर होतं, तेही पाण्याने मोजून घेतलं.

नणंदेने दिलेली नानकटाईची कृती कपात होती. तिथेही हाच प्रश्न येतो. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५० चा आणि आपल्याकडे मिळणारे संच बहुधा २४० चे. कृती कुठली आहे ते पाहून कप ठरवायचा.

वाटी ठरल्यावर मी एकेक जिन्नस भरून तोलायला लागले. तेव्हा आई शेजारी येऊन बसल्या आणि वहीत कुठेही न लिहिलेली गोष्ट सांगितली. “पिठाची वाटी शिगेची घ्यायची. साखर सपाट. तूप पातळ करून.” त्यांच्या लेखी हे इतकं उघड होतं की लिहायची गरजच पडली नव्हती. लाडवासाठी दळून आणलेलं रवाळ बेसन सपाट वाटीत ८८ ग्रॅम बसतं आणि शिगेच्या, म्हणजे काठावर ढीग येईल अशा भरलेल्या वाटीत ११०. चार वाट्यांत जवळजवळ ९० ग्रॅमचा फरक! म्हणून तुम्हीही ज्यांची कृती आहे त्यांनाच वाटी भरायला सांगा आणि त्यांनी भरलेली वाटी तोला. प्रत्येक जिन्नस तीनदा मोजून सरासरी घ्यायची.

आमच्या सपाट वाटीत पाणी १६० ग्रॅम, तेल १४६, पातळ तूप १४५, साखर १३५, बारीक रवा ११२, तांदूळ १२६, हरभरा डाळ १३४, उडीद डाळ १३८, शेंगदाणे ९९. पातळ पोहे भरले तर अवघे २०. मैदा चाळून चमच्याने हलकेच भरला तर ८० ग्रॅम, डब्यात वाटी खुपसून भरला आणि आपटला तर त्याहून बराच जास्त. पिठाच्या कणांमध्ये हवा असते. चाळलं की ती वाढते, दाबलं की जाते. साखरेत, तेलात, डाळीत हा फरक जवळजवळ पडत नाही.

यातून एक फार कामाची गोष्ट कळली. चकलीच्या भाजणीचं ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी उडीद डाळ हे प्रमाण वजनातही जवळपास तसंच राहतं. ५०४, २६८ आणि १३८ ग्रॅम. म्हणूनच १ किलो तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ अशी भाजणी पुष्कळ घरांत करतात आणि ती जमते. धान्यं आणि डाळी जवळपास सारख्याच जड असतात. पण त्याच भाजणीत १ वाटी जाडे पोहे आणि अर्धी वाटी धने असतात, आणि ते हलके. ‘उडीद डाळ १ वाटी, पोहे १ वाटी’ वाचून कुणी दोन्ही पाव-पाव किलो घेतले, तर पोहे जवळजवळ तिप्पट पडतील आणि भाजणीचा पोत बिघडेल. धान्याचं प्रमाण सरळ किलोत न्या. पोहे, धने, खोबरं, पिठं मात्र प्रत्येकी तोलल्याशिवाय नेऊ नका.

भाजणीत आणखी एक ठरवायचं असतं. वजन कच्च्या धान्याचं धरायचं की दळून आलेल्या पिठाचं? धान्य धुऊन, सावलीत वाळवून, भाजून, दळून आणलं की घट येते. आमचं सव्वादोन किलो कच्चं धान्य पीठ होऊन आलं तेव्हा दोन किलोच्या जरासं वर भरलं. पाण्याचा अंश उडाला आणि थोडं जात्यात राहिलं. मी दोन्ही वजनं लिहून ठेवली. खरेदीसाठी पहिलं, मळण्यासाठी दुसरं.

बेसनाचे लाडू हे लेबलासाठी मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं. वहीत ४ वाट्या बेसन, ३ वाट्या पिठीसाखर, पावणेदोन वाट्या तूप. वाट्यांत साखर तुपाच्या पावणेदोन पट दिसते. तोलल्यावर बेसन ४४० ग्रॅम, तूप २५४ आणि चाळलेली पिठीसाखर २४०. लेबलावर तूप साखरेच्या आधी आलं. पिठीसाखरेच्या बाबतीत वजनाचा दुसराही फायदा आहे. एक वाटी साखर दळली की दीड वाटीहून जास्त होते, पण वजन तेवढंच राहतं. ग्रॅममध्ये लिहिलं की साखर दळायच्या आधी मोजा की नंतर, फरक नाही.

मग आला ‘मावेल तेवढा मैदा’. वहीतले शंकरपाळे असे आहेत: १ वाटी तूप, १ वाटी साखर, १ वाटी दूध, मावेल तेवढा मैदा. हे तोलायचं कसं, यावर मी बरीच अडले होते. उपाय सोपा निघाला. मैद्याचा डबा झाकणाशिवाय तोलून ठेवला, आईंना नेहमीसारखं मळायला दिलं आणि मळून झाल्यावर डबा पुन्हा तोलला. जितकं कमी झालं तितका मैदा लागला. वेगवेगळ्या दिवशी मळलेल्या पिठांचा आकडा ६०० ते ६४० ग्रॅमच्या मध्ये राहिला. त्यांच्या हाताचा अंदाज किती पक्का आहे ते मला त्या दिवशी आकड्यात दिसलं, आणि खरंच भरून आलं. मी कृतीत ६०० ग्रॅम लिहिलंय आणि वर ४० ग्रॅम बाजूला ठेवायला सांगितलंय. मोहनाचं तेल, चिवड्यातली पिठीसाखर, मिठाची मूठ, सगळं याच रीतीने निघतं. करणाऱ्याच्या हाताला थांबवू नका, डबा आधी आणि नंतर तोला.

वेलची, हिंग, जायफळ यांना १ ग्रॅमचा काटा उपयोगाचा नाही. दहा छोटे चमचे एकत्र तोलून दहाने भागायचं. बारीक मीठ छोट्या चमच्यात साधारण ६ ग्रॅम बसतं. खडे मीठ कुटून वापरत असाल तर ते वेगळं मोजा, कारण खड्यांच्या मध्ये जागा राहते आणि चमच्यात कमी बसतं. खारटपणा वजनावर ठरतो, चमच्यावर नाही.

ऑगस्टमध्ये एक अडचण होती ती पावसाची. उघड्या डब्यातले पोहे आणि रवा दमट हवेत पाणी ओढून घेतात. एकाच पिशवीतले पोहे भाजून कोरडे केले की किलोमागे ४०-५० ग्रॅम कमी भरायचे. म्हणून पोहे आणि रवा यांचे आकडे मी भाजल्यानंतरचे धरले आणि पाऊस गेल्यावर पुन्हा पडताळले. मुंबईत पावसाळ्यात आकडे काढणाऱ्यांनी एवढं जरूर करावं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, गणपतीच्या आधी, एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या फॉसकॉस संकेतस्थळावर नोंदणीचा अर्ज केला. त्या वेळी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यवसायाला परवाना लागत नव्हता, नोंदणी पुरत होती. फी वर्षाला १०० रुपये, एका वेळी पाच वर्षांपर्यंत भरता येत होती. मी ५०० भरून टाकले. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा लागला. खोली पागडीची, पावती सासऱ्यांच्या नावावर, म्हणून पावतीबरोबर त्यांचं संमतीपत्र जोडलं. गौरी गेल्या त्या सुमारास १४ अंकी क्रमांक आला. कोणकोणते पदार्थ करणार ते अर्जात विचारतात, तेव्हा पदार्थांची यादी आधी पक्की करा.

त्याच महिन्यात तेल महागलं. १४ सप्टेंबरपासून केंद्र सरकारने आयात खाद्यतेलावरचं मूळ सीमाशुल्क वाढवलं, कच्च्या तेलावर शून्यावरून २० टक्के आणि रिफाइंड तेलावर साडेबारावरून साडेबत्तीस टक्के. आधी काढलेले भाव चालणार नव्हते. पण प्रत्येक पदार्थात तेल किती ग्रॅम जातं हे माहीत होतं, त्यामुळे नवे भाव एका संध्याकाळी निघाले. तळणीचं तेलही तोलायचं असतं. कढई तेलासकट आधी तोलायची, तळून पूर्ण गार झाल्यावर पुन्हा. गरम कढई काट्यावर ठेवू नका, काटा बिघडतो आणि भाजायची भीती असते. जितकं कमी झालं तितकं तेल पदार्थात गेलं, ते घटकांच्या क्रमातही धरायचं आणि भावातही. तेल लिटरने घेत असाल तर पाकिटावरचं वजन वाचा, १ लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. तेल तापलं की फुगतं आणि लिटरमागचं वजन घटतं. म्हणून केंद्राने २०२२ मध्ये कंपन्यांना तापमानाचा उल्लेख न करता लिटरबरोबर वजनही छापायला सांगितलं. मी तेल आता फक्त ग्रॅममध्येच लिहिते.

विकायचं पाकीट स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरता येत नाही. तसल्या काट्याच्या खोक्यावर बहुतेक वेळा तो घरगुती वापरासाठी असल्याचं लिहिलेलं असतं. व्यापारात वापरायचा काटा वैधमापन खात्याने, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, तपासून मुद्रांकित केलेला हवा, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची ही तपासणी दर वर्षी करून घ्यावी लागते. नवरात्राच्या आधी मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवरून असा काटा घेतला. तपासणीच्या प्रमाणपत्रासकट ५,२०० रुपये. प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका आणि त्यावरचा क्रमांक काट्याच्या पट्टीवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहा. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांखाली पाकीटबंद माल भरणाऱ्यालाही वेगळी नोंदणी करावी लागते. पाकिटं भरायला लागल्यापासून ९० दिवसांची मुदत असते आणि फी ५०० रुपये. तीही करून टाकली.

दसरा १२ ऑक्टोबरला होता, त्या दिवशी लेबल छापायला दिलं. पदार्थाचं नाव, घटक, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि कधीपर्यंत खावं ती तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, नोंदणी क्रमांक, आमचं नाव-पत्ता-फोन. गहू, दूध, शेंगदाणे यांची ॲलर्जीची सूचना वेगळी. शिवाय एककाची किंमत लिहावी लागते. पाकीट १ किलोपेक्षा कमी असेल तर दर ग्रॅमला किती रुपये, दोन दशांशापर्यंत. आमचे २५० ग्रॅमचे लाडू २३० रुपयांना होते, म्हणजे ग्रॅमला ०.९२ रुपये. वजन न काढता हे सगळं लिहिणार कसं?

पाकिटं भरताना रिकाम्या डब्याचं वजन आधी वजा करा. आमचा डबा १८ ग्रॅमचा. २५० ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात नियमाने ९ ग्रॅमपर्यंतची चूक चालते, पण सगळ्या पाकिटांची सरासरी छापील वजनापेक्षा कमी असता कामा नये. आम्ही प्रत्येक डब्यात दोन-तीन ग्रॅम जास्तच घातले. आई म्हणाल्या, “मापात पाप नको.” मलाही तेच वाटत होतं.

लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि वसुबारसेपर्यंत सगळे डबे पोचले. मदतीला आलेल्या जावेने पहिल्यांदाच, फक्त ग्रॅमचे आकडे पाहून शंकरपाळे मळले. आईंनी एक खाऊन पाहिला आणि बरणी भरायला घेतली. वहीत मी वाट्या खोडल्या नाहीत. डावीकडे वाटी, उजवीकडे ग्रॅम, आणि शीग की सपाट हे मध्ये. सणाला घरापुरतं करताना आम्ही अजूनही डावीकडचंच पाहतो.

अनारसे मात्र यादीत घेतले नाहीत. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं आणि निथळून ओलसर असतानाच दळायचे. पिठात किती पाणी उरलं ते दर वेळी बदलतं, आणि गूळ किती घालायचा ते त्यावरच ठरतं. कोरडे तांदूळ तोलून, निथळल्यावर पुन्हा तोलून, मधला फरक पाणी म्हणून धरायचा असं मी सध्या करतेय. पण निथळायला किती वेळ ठेवलं यावर आकडा हलतो, आणि दमट दिवशी आणखीच. तुमच्यापैकी कुणी अनारशाचं पीठ वजनावर बसवलं असेल, तर उपसल्यानंतर किती वेळाने तोलता आणि कोरड्या तांदळाच्या किलोमागे गूळ किती घेता, ते कळवा.